नावाने घातलेले नमस्कार

"आधी श्वास. मग हात. पाय सगळ्यांत शेवटी. आणि घाई कोणी करायची नाही, शिट्टी माझ्याकडे आहे."

हा आवाज मी एकतीस वर्षं ऐकला. मिरजेत आमचं घर शाळेच्या मैदानाला लागून आहे. मधे फक्त तारेचं कुंपण आणि एक शेवगा. सकाळी सहाला मी अंगणात सूर्याला अर्घ्य देत असायचे आणि पलीकडे आमचे हे, शाळेचे व्यायामशिक्षक अविनाश माईणकर, मुलांकडून नमस्कार घालून घेत असायचे. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, तेव्हा मीही सरच म्हणू लागले. त्यांचे खो-खोचे संघ तीनदा राज्यस्पर्धेला गेले. घरात मात्र भाजी निवडायला बसवलं की म्हणायचे, "हा खेळ मला येत नाही, शुभा."

दोन हजार चाळीस साल उजाडायला तीन वर्षं होती तेव्हा त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं सगळंच गेलं. म्हणजे एक शब्द राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, आयुष्यभर घोकलेला एखादा शब्द मेंदूच्या कुठल्यातरी कोपऱ्यात शाबूत राहतो. कोणाला रामाचं नाव राहतं, कोणाला शिवी राहते. आमच्या सरांना "खो" राहिला. चहा हवा असला तरी खो, दार लावायचं असलं तरी खो. सुरातून ओळखायचं. मला दोन महिन्यांत सगळे सूर कळायला लागले.

पुढच्या वर्षी भाद्रपदात आमच्या घरी बाही आली.

बाही म्हणजे खरोखरच बाही. खांद्यापासून मनगटापर्यंत चढवायची, राखी रंगाची, आतून चांदीचे बारीक धागे. स्नायू हलण्याच्या जरासं आधी त्यात वीज चमकते, घड्याळातल्या सेलच्या हजाराव्या हिश्श्याएवढी. बाही ती वीज टिपते. कुठला स्नायू कधी, किती आणि कुणानंतर, हा सगळा क्रम साठवते. त्याला ते ठसा म्हणतात. हा ठसा संकेतस्थळावर चढवला की दुसऱ्या गावातला माणूस तो आपल्या बाहीत उतरवून घेतो, आणि मग त्याची बाही त्याच्या स्नायूंना त्याच क्रमाने हलके झटके देत नेते. व्यायाम नुसता सांगायचा नाही, वाटायचा. प्रसाद वाटावा तसा.

हे स्थळ काढलं होतं कोल्हापूरच्या काही तरुण मंडळींनी. तालमीतल्या आणि जिममधल्या लोकांसाठी. नाव ठेवलं होतं "घामाघूम". मला पूजा झाल्यावर हे नाव तोंडातून काढायला जड जायचं. पुढे डॉक्टरांच्या लक्षात आलं की झटका आलेल्यांना याचा फार उपयोग आहे. त्यांचा हात धडच असतो, मेंदूतून हाताकडे जाणारा रस्ता तेवढा तुटलेला असतो. नुसता दुसऱ्याने हात हलवून दिला तर मेंदूला पत्ता लागत नाही. पण माणसाने "उचलायचा" असं मनात आणलं आणि त्याच क्षणी हात उचलला गेला, की मेंदू म्हणतो, अरे, इकडूनही वाट आहे. असं हजारदा झालं की पाऊलवाट पडते. इच्छा आणि हालचाल एकाच क्षणी भेटायला हवीत, सगळी किमया एवढीच.

जिल्ह्यातल्या ऐंशी घरांना सरकारी योजनेतून बाह्या मिळाल्या. अट एकच. वर्षअखेरीच्या आढाव्यापर्यंत ऐंशीतले निदान पन्नास रुग्ण नेमाने व्यायाम करताना दिसले पाहिजेत. नाहीतर बाह्या परत.

पण ते स्थळ होतं पैलवानांसाठी बांधलेलं. उघडलं की आधी कालचे विजेते, मग पदकं, मग तुम्ही आज कोणाला हरवणार हा प्रश्न. सरांचा व्यायाम सुरू करायला मला बाहीबरोबरच्या टॅबवर अकरा पडदे ओलांडावे लागत. सर डाव्या बोटाने एखादा दाबायला गेले की भलतंच उघडायचं. आणि एवढं करून अर्धा तास घाम गाळून सरांचा हात इंचभरसुद्धा हलला नाही, की शेवटी तांबडाभडक आकडा यायचा. शून्य. खाली वाक्य: आज तुम्ही तीन हजार चारशे बारा जणांच्या मागे पडलात.

सर ते वाचायचे. वाचणं गेलं नव्हतं ना. मग भिंतीकडे तोंड करून पडायचे.

मी टपाल खात्यात बावीस वर्षं खिडकीमागे बसून लोकांचे फॉर्म भरले आहेत. फॉर्मपुढे माणूस कसा लहान होतो ते मी पाहिलेलं आहे. पण आपल्याच घरात ते बघणं वेगळं. नवरात्रात एका सकाळी माझ्याच्याने राहवलं नाही. माझा रोजचा बारा नमस्कारांचा नेम आहे, लग्नाआधीपासूनचा, आणि रविवार अळणी. सर आजारी पडल्यापासून मी बाराचे अठ्ठेचाळीस केले होते, त्यांच्या नावाने. नवऱ्यासाठी, मुलासाठी नेम धरायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. त्या दिवशी मी नमस्कारांच्या आधी त्यांची बाही माझ्या हातात चढवली. त्यांच्या अंगाची वस्तू अंगावर घेऊन केलेलं त्यांना लवकर पोचेल, असं माझ्या मनाने घेतलं. खातं सरांच्या नावाचंच होतं. त्यात मला काही खोटं वाटलं नाही. नेम त्यांचा होता, अंग तेवढं माझं.

अठ्ठेचाळीस झाले. पडदा हिरवा झाला, फुलं उडाली. मी तो सरांना दाखवला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पण त्या दिवशी भिंतीकडे वळले नाहीत, तेवढ्यावर मी खूश.

दर गुरुवारी आम्ही सगळ्याजणी रुग्णांना घेऊन उपचार केंद्रात जमायचो. तिथे रेहाना भाभी भेटायच्या. त्यांचे मुस्तफाभाई तानपुरे बनवणारे, डावी बाजू गेलेली. भाभींनी आमचा हिरवा पडदा पाहिला.

"ताई, तुमच्या सरांचं एवढं कसं ओ? आमचे रोज शून्य बघून माझ्यावर चिडतात. जसं काय मीच ते शून्य काढून ठेवलंय."

मी त्यांना सांगितलं. हळूच, कानात. नेम असा सांगू नये म्हणतात, पण त्यांचा चेहरा बघून मला राहवलं नाही.

"या अल्ला," भाभी म्हणाल्या, "मी तर रोज पाच वेळा वाकते, उठते. यांच्या शिफेसाठी, बरं वाटावं म्हणूनच तर मागते. मग बाही घालून मागितलं तर काय बिघडलं?"

त्यांनी आणखी दोघींना सांगितलं. त्या दोघींनी आणखी चौघींना. दिवाळीपर्यंत ऐंशीतली एकाहत्तर घरं हिरवी झाली. कोल्हापूरच्या कंपनीने मला पत्र पाठवलं, आदर्श घर म्हणून, आणि आढाव्याच्या सभेत चार शब्द बोलायला बोलावलं. मी ते पत्र देवापुढे ठेवलं. मला तेव्हा अभिमान वाटला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी माझे नमस्कार आटोपून मी रोजच्यासारखी सरांच्या हातात बाही चढवली. बाही रोज थोडी पायरी वाढवायची, आदल्या दिवशी जेवढं झालं त्यावरून. त्या सकाळी तिने सरांचा हात असा काही वर खेचला की खांद्यातून कट्ट आवाज आला. सर ओरडले. तो सूर मी कधी ऐकलेला नव्हता. मी बाही ओरबाडून काढली. खांदा सुजून कणकेच्या गोळ्यासारखा झाला.

आणि मग, डॉक्टरांची वाट बघत शेकायचं पाणी तापवताना, मला समजलं. बाहीच्या लेखी हा हात रोज अठ्ठेचाळीस नमस्कार घालत होता. तिने त्या हाताला साजेसाच झटका दिला होता. तो हात माझा होता.

दुपारी केतकी आली. ही घामाघूममधली बाई, पस्तिशीची, आमच्या जिल्ह्यातल्या घरांची जबाबदारी तिच्याकडे. यंत्र बिघडलं असेल म्हणून तपासायला आली होती. मी तिला आधी चहा दिला आणि मग सगळं सांगितलं. कोणी, कधी, कोणाला.

तिने कप खाली ठेवला. "एकाहत्तरपैकी किती, काकू?"

"मला माहीत आहेत त्या चाळीस तरी."

"आम्ही धरूनच चाललो होतो, एक बाही म्हणजे एक माणूस." ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "बायका दुसऱ्याच्या नावाने व्यायाम करतील हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमची आईसुद्धा माझ्या परीक्षेसाठी सोळा सोमवार करायची. आणि तरी नाही आलं."

"मग आता?"

"परवा आढावा आहे. खरे आकडे दिले तर पन्नास भरत नाहीत. बाह्या जातील. नाही दिले, तर आज सरांचा खांदा, उद्या दुसऱ्या कोणाचा." तिने बाही हातात घेतली. "मला रात्रीपर्यंत सगळ्या घरांची पायरी खाली आणता येईल, ते मी करतेच. पण सभेत काय सांगायचं ते मी नाही ठरवू शकत. तुम्ही बोलणार आहात."

ती गेल्यावर मी सरांजवळ बसले. खांद्यावर शेक देत त्यांना सगळं सांगितलं. हे हिरवं तुमचं नव्हतं, माझं होतं. खरं बोलले तर बाही जाईल. तुमचा हात मग तसाच राहील कदाचित. मला कळत नाही, तुम्ही सांगा.

सरांनी डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जुळवून गोल केला. शून्य. मग माझ्याकडे बघून मान हलवली, माहीत होतं या अर्थी. एकतीस वर्षं मुलांचे नमस्कार मोजलेल्या माणसाला न घातलेला नमस्कार कळणार नाही होय? इतके दिवस माझं मन राखायला ते हिरव्या पडद्याकडे बघत होते, आणि मी त्यांचं मन राखायला तो दाखवत होते.

मग त्यांनी डावा हात लांब करून माझ्या पाठीवर थाप दिली. हलकी, पण मैदानातली.

"खो," ते म्हणाले.

खो-खोत बसलेल्या गड्याने खो मिळाला की उठायचं असतं. विचार करत बसायचं नसतं.

सभा सांगलीला होती. माझा आवाज मुळात लहान. "जरा मोठ्याने," असं दोनदा मागून कोणीतरी ओरडलं. मी ध्वनिवर्धक जवळ ओढला आणि म्हणाले, "आमच्या घरचे अठ्ठेचाळीस नमस्कार माझे आहेत. माईणकर सरांचा आकडा शून्य आहे. आणि ही युक्ती बाकीच्या बायकांना माझ्याकडूनच गेली. त्यांना दोष देऊ नये."

कंपनीचे मालक केतकीकडे बघत होते आणि केतकी माझ्याकडे. मग तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकली. रेहाना भाभी उभ्या राहिल्या.

"आमच्या घरचे पण माझेच आहेत, साहेब. शुभांगीताईंनी बाही घालायला लावली नाही, मी माझ्या मनाने घातली."

मग एक उठली, मग तिच्या पलीकडची. जतकडच्या, तासगावच्या, कोणी सुनेसाठी, कोणी वडिलांसाठी. मोजल्या तेव्हा त्रेचाळीस भरल्या. कोणी कोणाकडे बोट दाखवलं नाही. मी आयुष्यात खूप आरत्यांना उभी राहिले आहे. पण इतक्या बायका अशा एकदम उभ्या राहिलेल्या कुठल्याही आरतीला पाहिल्या नव्हत्या.

आढावा घ्यायला आलेल्या सरकारी डॉक्टर मॅडम व्यासपीठावर कागद चाळत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे खरे अठ्ठावीस. नियमाने आजच योजना बंद व्हायला हवी." मग चष्मा काढून त्यांनी आम्हा सगळ्याजणींकडे पाहिलं. "पण खोटा आकडा स्वतःहून परत देणारी माणसं मी या नोकरीत पाहिली नव्हती. रथसप्तमीपर्यंत मुदत देते. खरे पन्नास दाखवा. रुग्णाच्या स्वतःच्या अंगाचे."

दोन महिन्यांची मुदत.

दुसऱ्या दिवसापासून केतकी आमच्याकडेच ठाण मांडून बसली. पहिल्या दिवशी तिने पडद्यावर ठळक इशारा लिहून आणला: दुसऱ्या कोणी बाही वापरू नये, वापरल्यास खातं बंद.

"हे काढ," मी म्हणाले.

"काकू, त्यामुळेच तर घोळ झाला."

"बायका थांबणार नाहीत. तू दार बंद केलंस तर खिडकीतून करतील. नेम आहे तो." मी सरांच्या जुन्या हजेरीवहीतला कागद फाडला आणि त्यावर मनीऑर्डरचा फॉर्म आखून दाखवला. आता ते फॉर्म राहिले नाहीत, तिने पाहिलेलेही नव्हते. "हे बघ. वर पाठवणारा. खाली घेणारा. इतकी वर्षं गावोगावची अडाणी माणसंसुद्धा यात चुकली नाहीत, कारण दोघांना दोन जागा होत्या. तुमच्या फॉर्मात नावाची एकच जागा. मग बाई आपलं नाव कशाला घालेल? ती ते त्याच्यासाठी करते आहे ना."

केतकीने कागद समोर ठेवून घेतला. मग अकरा पडद्यांच्या जागी तिने तीन ओळी केल्या. केलं कोणी. कोणाच्या नावाने. किती. बोलून सांगितलं तरी चालेल. शिवाय माणसागणिक ठसा वेगळा असतो, हस्ताक्षरासारखा. बाही आता आपणच ओळखायची, हा हात शुभांगीचा की अविनाशचा. माझे अठ्ठेचाळीस माझ्या नावावर पडायचे, आणि सरांना नुसती खबर जायची: शुभांगीने तुमच्या नावाने घातले. फक्त सरांना. बाकी तीन हजार जणांना सांगायची गरज नव्हती. पदकं आम्ही सगळीच काढून टाकली.

आणि ते तांबडं शून्य.

"शून्याला काय करायचं?" केतकीने विचारलं. "लपवलं तर खोटं. दाखवलं तर माणूस खचतो."

सर पलंगावरून ऐकत होते. मी त्यांच्याकडे बघत म्हणाले, "खो-खोत आठ गडी रांगेत एकाआड एक पाठमोरे बसतात. ते बसलेले असतात म्हणून बाद असतात का? ते खेळातच असतात. खो यायचा असतो, एवढंच."

केतकीने त्या जागी चौकोनात उकिडवा बसलेला एक गडी काढला. हात जमिनीला टेकलेले, उठायच्या तयारीत. रंग करडा. खाली दोन शब्द: खेळात आहे. आणि पाठवलेला ठसा पोचला की बाहीने आधी खांद्याच्या मागे हलकी थाप द्यायची, मग गप्प राहायचं. रुग्णाने स्वतः मनात आणलं, स्नायूत अगदी पुसटशी वीज उमटली, की मगच हात उचलायला मदत करायची. त्याच्या आधी नाही.

तिने ते चित्र सरांपुढे धरलं. सरांनी डाव्या बोटाने गड्याचा मागचा पाय किंचित मागे घ्यायला लावला, बसण्याची पद्धत चुकली होती. ती सुधारून झाल्यावर ते हसले. झटका आल्यानंतर पहिल्यांदा. अर्ध्याच तोंडाने, पण हसले.

आणखी एक गोष्ट त्याच आठवड्यात हाती लागली. स्थळाचा जुना नियम होता, हालचाल अमुक अंशांपेक्षा कमी असेल तर ती साठवायची नाही. पुरेशी नाही म्हणून फेकून द्यायची. केतकीने तो नियम उपटला. आता बोटभर हललं तरी ते एक म्हणून धरायचं.

सरांचा खांदा बरा व्हायला तीन आठवडे गेले. पौषातल्या एका सोमवारी त्यांच्या पाठीवर बाहीची थाप पडली. मी समोर बसले होते. त्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला. बऱ्याच वेळाने उजवा हात मांडीवरून चार बोटं वर आला, थरथरला आणि खाली गेला.

पडद्यावर करडा गडी उठून उभा राहिला. आकडा आला: एक. करणारा, अविनाश माईणकर.

आमच्या घरी राज्यस्पर्धेच्या तीन ढाली आहेत. मी त्या पुसते तेव्हाही मला अभिमान वाटतो. पण त्या एका आकड्यापुढे मी निरांजन ओवाळलं. सर लाजले. "खो, खो," म्हणाले, म्हणजे पुरे आता.

पंधरा दिवसांनी केतकीचा फोन आला. तिचा आवाज चढलेला होता. "काकू, बसा आधी. सरांचा तो एक नमस्कार मी रेहाना भाभींच्या घरी पाठवला होता. आरशातल्यासारखा उलटवून, डाव्या हातासाठी. तुमचा ठसा मुस्तफाभाईंना महिनाभर देत होतो, काही होत नव्हतं. सरांचा दिला आणि सहाव्या दिवशी त्यांचं बोट हललं."

"माझ्यात काय खोट आहे?" मी विचारलं.

"खोट नाही. तुमचा हात निरोगी आहे, तो झर्रकन वर जातो. कुठे अडायचं ते त्याला माहीतच नाही. सरांच्या हाताने नवी वाट शोधलीय. अडत, थांबत, बाजूच्या स्नायूची मदत घेत. तुटलेल्या रस्त्यावरून कसं जायचं ते त्या ठशात आहे. जे स्वतः त्या वाटेने गेलेत त्यांचंच उपयोगी पडतंय, काकू. आतापर्यंत आम्ही हेच पुरेसं नाही म्हणून फेकून देत होतो. आणि तुमचे अठ्ठेचाळीस त्यात मिसळलेले असते, तर सरांचा एक कधी सापडलाच नसता."

मी फोन सरांच्या कानाशी धरला आणि तिला पुन्हा सगळं सांगायला लावलं. ऐकताना सर ताठ बसले. मैदानावर बसायचे तसे.

त्या संध्याकाळी रेहाना भाभी शीरखुर्म्याचं भांडं घेऊन आल्या. "ईद नाही, पण केला," म्हणाल्या. "बोटाने तार छेडली ओ यांनी. एकच. बेसूर. पण मी म्हटलं, आज बेसूरच चालतं." सरांच्या पुढे भांडं ठेवून त्यांनी आदाब केला. "सर, तुमचा हात माझ्या घरात चालतोय."

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी मोजणी झाली. त्रेपन्न. सगळे स्वतःच्या अंगाचे. बाह्या राहिल्या. डॉक्टर मॅडमनी यादी वाचताना सरांचं नाव आलं तेव्हा नुसतं "एक" न म्हणता "एक, शिक्षक" असं म्हटलं. कारण तोवर सरांचा ठसा अकरा घरांत जात होता.

उरलेल्या सत्तावीस घरांतल्या एका बाईंचा आवाजातला निरोप केतकीने आम्हाला ऐकवला. जत तालुक्यातल्या शालन बिराजदार.

"सगळ्यांच्या घरात कोणी ना कोणी हाय नाव घ्यायला," त्या म्हणत होत्या. "मला खो कोण देणार ओ? घरात मी आन् दोन शेळ्या. ती बाही घालून मी बसते, बसते, आन् काढून ठेवते. उजवा हातच गेलाय माझा. कोणी रोज सकाळी नुसतं उठ म्हणालं असतं, तर उठले असते."

निरोप संपला. केतकी म्हणाली, साठवलेला ठसा आपण रोज आपोआप पाठवू शकतो, सहाला लावून ठेवते. सरांनी मान हलवली. नाही. त्यांनी डाव्या हाताने स्वतःच्या छातीवर थोपटलं, मग खिडकीकडे, पूर्वेकडे बोट केलं, आणि एक बोट वर करून धरलं. केतकीला कळलं नाही.

"साठवलेला नको म्हणतात," मी सांगितलं. "रोज सकाळी ते स्वतः एक घालणार. तिच्या नावाने. तसं तिला कळव."

"रोज? काकू, एकेका हालचालीला त्यांना वीस मिनिटं लागतात. थकतात ते."

"खो," सर म्हणाले. त्या सुराचा अर्थ ठरलं असा होतो.

शालनताईंना निरोप गेला. "बरं," एवढंच उत्तर आलं. मग थोड्या वेळाने आणखी एक: "येताल ना पण नक्की?"

दुसऱ्या दिवशी रथसप्तमी. मी पहाटे उठून अंगण सारवलं, सूर्याचा रथ रेखला, गोवऱ्या पेटवून त्यावर बोळक्यात दूध ठेवलं. दूध पूर्वेला उतू गेलं की चांगलं म्हणतात. सहाला पाच कमी होते. सरांना उठवायला, बाही चढवायला आत जायला हवं, म्हणून मी पदराने हात पुसत उठले आणि खिडकीशी थबकले.

सर पलंगाच्या कडेला बसले होते. एकटे. बाहीचं टोक दातांत धरून डाव्या हाताने ती उजव्या हातावर ओढत होते. इंच इंच. एकदा निसटली. त्यांनी पुन्हा कोपरापासून सुरुवात केली. गळ्यात काळ्या दोरीची जुनी शिट्टी होती. ती खुंटीवरून कधी काढली, कशी काढली, मला माहीत नाही.

बाही खांद्यापर्यंत चढली. समोरच्या पडद्याकडे बघून त्यांनी डावं बोट टेकवलं. कोणाच्या नावाने, या ओळीत शालन बिराजदार हे नाव उमटलेलं मला बाहेरून दिसलं. मग ते पूर्वेकडे वळून बसले. पाठ सरळ केली. डोळे मिटले आणि आधी श्वास घेतला.

मी आत गेले नाही. शिट्टी त्यांच्याकडे होती.